चॅपल लेनचं क्रियाविशेषण

पाटी लागली त्या शनिवारी सकाळी अख्खी चॅपल लेन रस्त्यावर उभी होती आणि ऑर्मरॉड मास्तरांच्या हातातला चहा गार होत होता.

अख्खी म्हणजे अकरा घरं. थॉर्नक्लफच्या टेकडीवरून ही गल्ली अशी सरळसोट खाली उतरते की वरच्या टोकाला हातातून बटाटा सुटला तर तो थेट खालच्या टपालपेटीवर जाऊन आपटतो. वर नवा मोठा रस्ता झाला आणि व्हॅनवाल्यांना ही गल्ली जवळची वाट म्हणून सापडली. पावाची व्हॅन, गालिच्यांची व्हॅन, धुलाईवाल्याची व्हॅन, सगळ्या बटाट्याच्याच वेगाने उतरायला लागल्या. वळणावर स्टॅन होलरॉइडची दगडी भिंत होती. ती दोन वर्षांत दोनदा पडली. दुसऱ्या खेपेला मिसेस क्लेग भिंतीच्या पलीकडेच वाकून आपल्या गुलाबाला खत घालत होत्या. त्या वाचल्या, गुलाब गेला. मग मात्र सगळ्यांनी मिळून अर्ज केला. अर्ज मास्तरांनी लिहिला, कारण गावातल्या मुलांच्या शाळेत चौतीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला माणूस गल्लीत एकच होता. दोन पानांच्या त्या अर्जात एक स्वल्पविराम इकडचा तिकडे नव्हता. दीड वर्ष पाठपुरावा केल्यावर त्या अर्जाला आलेलं फळ आता खांबावर चकाकत होतं. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं होती: 'प्लीज ड्राइव्ह स्लो'.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिसेस क्लेग यांनी बिस्किटांची ताटली फिरवली. आयुष्यभर लॉरी चालवलेल्या स्टॅनने मास्तरांच्या पाठीवर अशी थाप मारली की चहाचा थोडा भाग बशीत गेला. मास्तरांचं लक्ष नव्हतं. ते वाचत होते. 'प्लीज' ठीक होतं, सौजन्याला कुणाची ना नाही. 'ड्राइव्ह' हे क्रियापद, तेही जागच्या जागी. आणि त्या क्रियापदाला खेटून 'स्लो'. नुसतं विशेषण. लग्नाच्या पंगतीत कुणी बनियनवर येऊन बसावं तसं.

"दोन अक्षरं राहिलीत," ते शेजारी उभ्या असलेल्या बेरिलबाईंना म्हणाले.

"कुठं?"

"शेवटी. एल आणि वाय. 'स्लोली' हवं. क्रिया कशी करायची ते सांगायचं तर क्रियाविशेषण लागतं."

बेरिलबाईंनी पाटीकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या चेहऱ्याकडे. चाळीस वर्षांच्या संसारात हा चेहरा त्यांनी चांगला ओळखला होता. याच चेहऱ्याने मास्तरांनी एकदा समुद्रकाठच्या एका हॉटेलात खाद्यपदार्थांची यादी दुरुस्त करून आत आचाऱ्याकडे पाठवली होती, आणि त्या दिवशी दोघांना बाकावर बसून बिस्किटं खावी लागली होती.

"गाड्या हळू जातील ना?" त्या म्हणाल्या. "मग झालं. चहा पी."

मास्तरांनी चहा प्यायला, पण तो अंगी लागला नाही.

पहिला आठवडा त्यांनी पाटी न पाहण्यात घालवला. हे दिसतं तितकं सोपं काम नाही. वर्तमानपत्र आणायला सरळ गेलं तर पाटी लागते, म्हणून ते मागच्या अंगाने कालव्याकाठून पाऊण मैल वळसा घालून जायला लागले. दिवाणखान्याच्या खिडकीतून पाटी दिसे, म्हणून त्यांनी आपली खुर्ची भिंतीकडे फिरवली. मग न्हाणीघरात दाढी करताना त्यांच्या लक्षात आलं की आरशात खिडकी दिसते आणि खिडकीत पाटी, उलटी. उलटी असूनही शेवटची दोन अक्षरं नव्हतीच. वर्तमानपत्र हातात घेतलं की दोन ओळींत उठायचे, बागेत जायचे, काहीतरी उपटायचे, जे उपटलं ते तण नव्हतं हे कळल्यावर परत आत यायचे. रविवारी दुपारी भाजलेल्या मांसाचा तुकडा काट्यावर तसाच धरून ते खिडकीकडे बघत राहिले तेव्हा बेरिलबाईंनी सांगून टाकलं की एकतर जेव, नाहीतर पत्र लिही.

पत्र गावसभेच्या चिटणीस मिसेस सोअरबी यांना गेलं. आधी एक परिच्छेद आभाराचा, मग तीन परिच्छेद क्रियाविशेषणाचे. नऊ दिवसांनी उत्तर आलं. पत्र योग्य त्या समितीकडे पाठवलं आहे आणि 'होपफुली' लवकरच निर्णय होईल. मास्तरांनी पेन्सिल घेऊन 'होपफुली'खाली दोन रेघा मारल्या. या शब्दाचा खरा अर्थ घेतला तर निर्णय आशाळभूतपणे होईल असं ते वाक्य म्हणत होतं. निर्णय आशाळभूत कसा असेल? आशाळभूत अर्जदार असतो. बेरिलबाईंना हे पटवून देण्यात संध्याकाळ गेली आणि मूळ प्रश्न तसाच राहिला.

एव्हाना गल्लीला कुणकुण लागली होती. आपल्याकडे माणूस आजारी पडला तरी एवढे सल्ले मिळत नाहीत. मिसेस क्लेग यांनी कुंपणावरून सांगितलं की त्यांचा आर्थर, देव त्याला शांती देवो, जन्मभर 'कम क्विक' म्हणून हाक मारायचा आणि त्या जायच्या. शेपटी जोडली नाही म्हणून त्या एकदाही खोळंबल्या नाहीत. मास्तरांनी नम्रपणे खुलासा केला की नवराबायकोमधलं व्याकरण खासगी असतं, खांबावरचं सार्वजनिक. खाटीक मिस्टर बटरवर्थ म्हणाले की अक्षरं जितकी कमी तितकी पाटी लांबून वाचता येते. स्टॅनचा सल्ला सगळ्यांत व्यवहारी होता. त्याच्याकडे काळा रंग होता, ब्रश होता, शिडीही होती.

"दोन अक्षरं तर आहेत, मास्तर. मी शिडी धरतो, तुम्ही काढा. दहा मिनिटांचं काम."

सरकारी पाटीवर रंग लावणं हा गुन्हा आहे हे मास्तरांना माहीत होतं. पण जागा आहे की नाही एवढं मोजून बघणं गुन्हा नव्हे, अशी त्यांनी मनाची समजूत घातली आणि बेरिलबाईंची शिवणाची टेप गळ्यात अडकवून ते भरदिवसा शिडीवर चढले. शेवटच्या अक्षरापासून पाटीच्या कडेपर्यंत दोन बोटं अंतर निघालं. दोन बोटांत दोन अक्षरं बसवायची तर मुंगीच्या डोळ्यांनी वाचावी लागली असती. मास्तर खांबाला मिठी मारून हा हिशेब करत असताना टपालवाली बाई सायकलवरून गेली. खालच्या टोकाला पोचेपर्यंत तिने नऊ घरांत सांगितलं होतं की मास्तरांनी खांबावर काहीतरी वेडंवाकडं करून घ्यायचं ठरवलेलं दिसतंय. पाद्रीबाबा संध्याकाळी चौकशीला आले. त्यांना चहा देऊन परिस्थिती समजावून सांगितली. ते कप खाली ठेवून म्हणाले की परमेश्वराला भावार्थ कळतो. मास्तरांना हा व्याकरणावरचा हल्ला वाटला, पण पाहुण्याशी वाद नको म्हणून त्यांनी बिस्किटं पुढे केली.

प्रकरण गावसभेच्या बैठकीत आलं ते सातव्या क्रमांकावर, कुत्र्यांची घाण आणि क्रिकेटच्या मैदानाचा भाडेपट्टा यांच्या मधोमध. मिसेस सोअरबी यांच्या टंकलेखनात 'ॲडव्हर्ब'चं 'ॲडव्हर्ट' झालं होतं, म्हणजे क्रियाविशेषणाची जाहिरात झाली होती. त्यामुळे चॅपल लेनमध्ये जाहिरात लावायला आमचा कडाडून विरोध आहे हे सांगायला पाच माणसं पलीकडच्या मोहल्ल्यातून आली होती. त्यांना त्यांचा विरोध कशाला आहे हे समजेना आणि आलोच आहोत तर परत कशाला जायचं म्हणून तेही बसून राहिले.

मास्तरांना तीन मिनिटं दिली होती. ते अकरा मिनिटं बोलले. भाषा म्हणजे गल्लीतल्या भिंतीसारखी असते, एक दगड काढला की बाकीचे सैल होतात, असं त्यांनी सांगितलं. भिंतीचं नाव निघताच स्टॅनने टाळी वाजवली. मग चर्चा झाली. एका सभासदाने विचारलं की गाडीवाला वाक्य वाचेपर्यंत गल्ली संपत नाही का. दुसऱ्या एका बाई म्हणाल्या की त्यांच्या शाळेत असलं वाक्य लिहिलं असतं तर छडी बसली असती, आणि ती बसायलाच हवी होती. मतदान झालं तीन विरुद्ध तीन. आता अध्यक्षांचं मत निर्णायक. अध्यक्ष होते खाटीक मिस्टर बटरवर्थ. ते उठले, घसा साफ केला आणि म्हणाले की त्यांच्या दुकानाच्या काचेवर बावीस वर्षं 'बेकन, कट थिक' असं लिहिलेलं आहे. आज मास्तरांच्या बाजूने मत दिलं तर उद्या काच बदलावी लागेल, आणि विरुद्ध दिलं तर काचेसाठी दिलं असं गाव म्हणेल. तेव्हा या प्रश्नात त्यांचे हितसंबंध गुंतलेले असल्याने ते तटस्थ राहतात. विषय जिल्ह्याच्या रस्ते कचेरीकडे गेला.

रस्ते कचेरीने एक छापील तक्ता पाठवला. पाटीत दोष कोणता, त्या चौकोनात खूण करा: वाकली आहे, झाकली गेली आहे, चोरीला गेली आहे, अक्षरं नाहीशी झाली आहेत. 'अशुद्ध आहे' असा चौकोन नव्हता. मास्तर अर्धा दिवस त्या कागदाभोवती फिरत राहिले. खोटं लिहायचं नव्हतं आणि खरं लिहायला जागा नव्हती. शेवटी त्यांनी 'अक्षरं नाहीशी झाली आहेत' यावर खूण केली, संख्येपुढे 'दोन' लिहिलं आणि समासात बारीक अक्षरात स्पष्टीकरण दिलं. समासातलं स्पष्टीकरण जगात कुठल्याच कचेरीत कुणी वाचत नाही, हे चौतीस वर्षं मुलांच्या वह्यांच्या समासात लिहिणाऱ्या माणसाला कळायला हवं होतं.

तीन आठवड्यांनी लॉरी आली. दोन माणसं उतरली. मास्तरांनी त्यांना चहा दिला, केक दिला, 'एल'चा उभा दांडा बाकीच्या अक्षरांइतकाच जाड असावा अशी विनंतीही केली. माणसांनी केक खाल्ला, पाटीचे स्क्रू काढले आणि पाटी लॉरीत टाकली. अक्षरं गळालेली पाटी नियमाप्रमाणे उतरवावी लागते, असं त्यांतल्या एकाने सांगितलं. नवी कधी बसणार असं विचारल्यावर तो म्हणाला की ते दुसरं खातं. लॉरी गेली. खांब राहिला.

पाटी गेल्याची बातमी व्हॅनवाल्यांना कुणी सांगितली देव जाणे. चार दिवसांत बटाट्याचा वेग परत आला. मास्तरांनी कचेरीला फोन केला, मिसेस सोअरबींना फोन केला, परत कचेरीला केला. दर वेळी वेगळा आवाज हीच अडचण पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकून घ्यायचा. मंगळवारी दुपारी घरात येरझाऱ्या घालत असताना त्यांना तो आवाज ऐकू आला. ब्रेक किंचाळला आणि मग दगड पडण्याचा गडगडाट झाला. ते चपलांवरच धावले.

पावाची व्हॅन आडवी उभी होती. ड्रायव्हर खाली उतरला होता आणि रस्ताभर पाव पसरले होते. भिंतीचं मधलं खिंडार नेमकं तिथे पडलं होतं जिथे स्टॅन रोज दुपारी पाइप ओढत बसायचा. पाइप विझला म्हणून काडेपेटी आणायला तो आत गेला होता. काडेपेटी अजून त्याच्या हातात होती.

मास्तरांनी रस्त्यावरचे दोन पाव बाजूला केले. मग वाकून एक दगड उचलला.

"राहू द्या, मास्तर," स्टॅन शांतपणे म्हणाला. "दगड शुद्ध आहे की अशुद्ध ते मला बघायचं नाही."

शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्यानंतर गल्ली मास्तरांशी सभ्यपणे वागायला लागली, आणि इंग्रज माणूस शेजाऱ्याशी नुसता सभ्यपणे वागायला लागला की काय समजायचं ते समजावं. मिसेस क्लेग कुत्र्याला घेऊन पलीकडच्या बाजूने जायला लागल्या. खाटकाच्या दुकानात मास्तर शिरले की चाललेली चर्चा हवामानावर यायची. बेरिलबाईंना गुरुवारच्या पत्त्यांच्या डावाचं बोलावणं आलं नाही. तक्रार केली नाही त्यांनी. फक्त भांडी घासताना एकदा म्हणाल्या, "गल्लीला पाटी हवी होती, विल्फ्रिड. तुला वाक्य हवं होतं."

मास्तर त्या रात्री लवकर झोपायला गेले, आणि सकाळी उठून त्यांनी चहाच्या जुन्या खोक्याचं झाकण काढून ओट्यावर ठेवलं.

घरच्या पांढऱ्या रंगावर काळ्या रंगाने त्यांनी सुंदर, सुवाच्य अक्षरांत लिहिलं: 'प्लीज ड्राइव्ह स्लोली'. त्याला मागून केरसुणीची काठी ठोकली. आणि आठ वाजता कोट, टाय आणि हॅट अशा पूर्ण वेषात ते वळणावर जाऊन उभे राहिले. सरकारला जमत नसेल तर पाटीचं काम आपण करायचं, नवी पाटी लागेपर्यंत रोज सकाळी दोन तास आणि दुपारी दोन तास. असा निश्चय शिक्षकच करू शकतो, कारण कुणी ऐकत नसताना उभं राहण्याची सवय फक्त त्यालाच असते.

पहिल्या तासात एका मोटारवाल्याने त्यांना स्टेशनचा रस्ता विचारला. गालिच्यांच्या व्हॅनने ते संपावर आहेत असं समजून मूठ वर करून पाठिंबा दिला आणि तीन वेळा भोंगा वाजवला. एका म्हाताऱ्या जोडप्याने बस इथेच थांबते ना अशी चौकशी केली आणि खात्री पटेना म्हणून तेही शेजारी उभे राहिले. मास्तरांनी सगळ्यांना उत्तरं दिली. पाय दुखत होते, पण कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांना कुठेतरी दुसरीकडे जावंसं वाटत नव्हतं. शिवाय एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली होती. गाड्या हळू होत होत्या. पाटी वाचून की भररस्त्यात टाय लावून उभा असलेला म्हातारा बघून, हे विचारायला त्यांनी कुणाला थांबवलं नाही.

गुरुवारी झिमझिम पाऊस आला. 'स्लो'पर्यंतचा रंग चांगला वाळला होता. 'एल' आणि 'वाय' मात्र जागा बरोबर साधली नव्हती म्हणून आदल्या संध्याकाळी पुसून पुन्हा काढले होते आणि तो थर ओलसरच राहिला होता. काठीवरून काळा ओघळ मनगटावर आला तेव्हा मास्तरांना वाटलं हॅटचा रंग जातोय. त्यांनी काठी तशीच छातीशी ताठ धरून ठेवली. नेमका त्याच वेळी जिल्ह्याच्या साप्ताहिकाचा छायाचित्रकार आला, त्याने दोन फोटो घेतले, नाव विचारलं आणि पावसात फार थांबता येत नाही म्हणून गेला.

शुक्रवारी तिसऱ्या पानावर फोटो छापून आला. भिजलेली हॅट, करारी मुद्रा आणि छातीशी पाटी: 'प्लीज ड्राइव्ह स्लो'. खाली ओळ होती की निवृत्त शिक्षकाचा हाच आग्रह आहे.

मास्तर दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. संपादकाला पत्र लिहायला घेतलं आणि तिसऱ्या ओळीला फाडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा फाडलं. शाळेतले जुने सहकारी फोन करून अभिनंदन करत होते आणि हसू दाबत होते. सोमवारी सकाळी पावणेआठला ते टाय बांधताना दिसले तेव्हा बेरिलबाईंना खरंच आश्चर्य वाटलं. कशाला जातोस, त्यांनी विचारलं. मास्तर म्हणाले की पावाची सकाळची व्हॅन आठ वाजून दहा मिनिटांनी येते. अक्षरं पुन्हा रंगवायला वेळ झाला नव्हता. ते तीच पाटी घेऊन गेले.

त्या दिवशी दहाच्या सुमारास एक मोटार वळणावर अगदी सावकाश येऊन थांबली. पंचेचाळिशीचा, डोक्यावरचे केस मागे सरलेला एक गृहस्थ बगलेत फाइल घेऊन उतरला.

"सर, ओळखलंत का? ग्लेडहिल. आता रस्ते कचेरीत असतो."

फोटो वरच्या साहेबांनी पाहिला होता. जिल्ह्याच्या एका रस्त्यावर पाटीच्या जागी माणूस उभा आहे ही गोष्ट त्यांना आवडली नव्हती. ग्लेडहिलने फाइल उघडून दोन मार्ग आहेत असं सांगितलं. जुनी पाटी त्याच्या मोटारीतच होती, सही दिली की लगेच लावता येईल. किंवा नवी, दोन अक्षरं वाढवलेली पाटी. पण मग पाटीचा आकार बदलणार, आकार बदलला की खांब बदलणार, आणि खांबांची समिती आता पुढच्या एप्रिलात बसेल. मग तो जरा घुटमळला.

"आणखी एक आहे, सर. तुमचं समासातलं मी वाचलं. सवय आहे तुमच्या समासाची. म्हणून कचेरीतला शब्दकोश पाहिला. 'स्लो' हा शब्द क्रियाविशेषणही आहे. फार जुना."

मास्तरांनी पाटी त्याच्या हातात दिली आणि ते घरात गेले.

दोन खंडांचा मोठा शब्दकोश कपाटात वरच्या फळीवर होता. 'होपफुली'चं पान हाताळून मऊ झालं होतं. 'स्लो'चं पान नवंकोरं होतं, कारण जे आपल्याला ठाऊक आहे ते कुणी शब्दकोशात बघत नाही. विशेषण म्हणून दीड रकाना होता. खाली, बारीक टाइपात, क्रियाविशेषण. आणि चारशे वर्षांपूर्वीपासूनची उदाहरणं, एकाखाली एक, अंगावर कोट नसलेली, निर्लज्जपणे उभी. मास्तरांनी ती सगळी वाचली. मग ते मनात मोजू लागले: चौतीस वर्षं, वर्षाला चार वर्ग, वर्गात तीस मुलं. चार हजारांच्या पुढे आकडा गेल्यावर त्यांनी खंड मिटला.

बाहेर बेरिलबाईंनी ग्लेडहिलला चहा दिला होता. तो भिंतीच्या खिंडाराशी कप धरून उभा होता.

"ग्लेडहिल, तुझ्या वहीत मी कधी या शब्दावर काट मारली होती का रे?"

"माझ्या नाही, सर. मी भीतीने क्रियाविशेषणच वापरायचो नाही. ॲलनच्या वहीत मारलीत. माझा थोरला भाऊ. 'नदी स्लो वाहत होती' असं त्याने निबंधात लिहिलं होतं. तुम्ही एक गुण कापला आणि त्याचं निबंधाचं बक्षीस एका गुणाने गेलं."

"त्याला आठवतं अजून?"

"तो पर्थला असतो, ऑस्ट्रेलियात. दर नाताळला फोनवर सांगतो."

मास्तरांनी सही केली. शिडी स्टॅनची होती, म्हणून ती मागायला त्यांना स्टॅनच्या दारावर टकटक करावी लागली. शिडी बाहेर आली तशी बाकीची दारंही उघडली. मिसेस क्लेग कुत्र्यासह पायरीवर आल्या. मास्तरांनी शिडी धरली, ग्लेडहिलने स्क्रू पिळले, आणि पाटी पुन्हा जागेवर गेली. मग मास्तर लोकांकडे वळले. वर्गात चौतीस वर्षं जे वाक्य त्यांनी दुसऱ्यांकडून म्हणवून घेतलं होतं, ते म्हणायला त्यांना घसा दोनदा साफ करावा लागला.

"पाटी बरोबर होती," ते म्हणाले. "मी चुकलो होतो."

"पहिल्यापासून?" स्टॅनने विचारलं.

"चारशे वर्षांपासून."

स्टॅनने पाइप दुसऱ्या बाजूला घेतला आणि खिंडाराकडे मान हलवली. "मग उचला दगड," तो म्हणाला. "मोठे खाली, लहान वर. आणि टाय काढा, आडवा येईल."

भिंत चार दिवसांत उभी राहिली. मास्तरांनी लावलेला भाग जरा बाहेर आलेला आहे, पण स्टॅन म्हणतो राहू दे. गुरुवारी बेरिलबाईंना पत्त्यांचं बोलावणं आलं. मास्तर मात्र स्वस्थ नव्हते. त्यांनी ग्लेडहिलकडून पर्थचा पत्ता मिळवला आणि ॲलनला पत्र लिहायला बसले. पहिल्या मसुद्यात शब्दाचा इतिहासच दोन पानं झाला. दुसऱ्यात माफी कमी आणि कारणं जास्त झाली. पाचवा मसुदा चार ओळींचा निघाला: तुझं वाक्य बरोबर होतं, काट मारली ती माझी चूक, कापलेला गुण परत करत आहे, बक्षीस आता देता येत नाही याचं वाईट वाटतं. पत्र टपालपेटीत टाकल्यावर रोज टपालवाली बाई दिसली की ते दाराशी जाऊन उभे राहायचे. ती नुसती मान हलवून पुढे जायची.

सहा आठवड्यांनी उत्तर आलं. रुंद, निळ्या पाण्याचं चित्र असलेलं एक कार्ड होतं. मास्तरांनी ते दारातच वाचलं. सर, तुमचं पत्र बायकोला आणि मुलांना मोठ्याने वाचून दाखवलं. बक्षीस मिळालं असतं तर एवढा आनंद झाला नसता. आमचं घर नदीकाठीच आहे, कधी या. आणि शेवटी, ठळक अक्षरांत: 'आय ॲम डुइंग गुड'.

मास्तरांचे कान हळूहळू लाल झाले. 'गुड' नव्हे, 'वेल' हवं होतं. यात शंकेला जागाच नव्हती, विशेषण ते विशेषणच. हात आपोआप कोटाच्या वरच्या खिशाकडे, पेन्सिलीकडे गेला. कार्ड घेऊन ते बागेत गेले. एक फेरी मारली. दुसरी मारली. तिसऱ्या फेरीला घरात कपाटासमोर येऊन शब्दकोशाच्या पहिल्या खंडाकडे बघत उभे राहिले, आणि तो खाली न काढताच परत वळले. बेरिलबाई स्वयंपाकघरातून सगळं बघत होत्या. त्यांनी पीठ लागलेले हात पुसले.

"काय म्हणतोय ॲलन?"

मास्तरांनी कार्ड पुन्हा एकदा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं.

"मजेत आहे म्हणतोय," ते म्हणाले. "नदीकाठी घर आहे त्याचं."

आणि त्यांनी ते कार्ड शेकोटीवरच्या फळीवर, घड्याळाला टेकवून उभं केलं, लिहिलेली बाजू खोलीकडे करून.